आईच्या मलमाला पडलेला काळा डाग

३ मार्च

पिवळं पडलंय! आईने घोटलेलं मलम — ही एकच डबी उरली आहे. बदामाचं तेल, मेण आणि चहाचा काढा. बाबांचे हात भेगाळायचे म्हणून तिने ते करायला घेतलं, मग घरात सगळेच लावू लागले. ती गेल्यापासून मी लावत नाही, नुसता वास घेते.

बाबांना दाखवलं. ते आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात किल्ली घासत बसले होते, मान वर केली नाही. "शिळं झालंय. टाकून दे." बायको जाऊन वर्षही झालं नाही, आणि या माणसाला काहीच वाटत नाही.

५ मार्च

औषधांच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. त्यांनाही घरी मलमं करायचा नाद आहे. म्हणाल्या, हवा लागली की तेल पिवळं पडतं, उजेड लागला की चहा तपकिरी होतो. विकतच्या मलमात टिकण्यासाठी काहीबाही घालतात, घरच्यात कोण घालतं? आणि दर वेळी झाकण उघडलं की आत हवा जाते.

म्हणजे वास घेऊन घेऊन मीच ते नासवते आहे. घरी येऊन खूप रडले.

डबी काळ्या कागदात गुंडाळून वहिनीच्या कपाटात ठेवली.

२० मार्च

उघडली नाही.

२ एप्रिल

राहवलं नाही. उघडली — तर कडेला डाग! पिवळा नाही, निळसर काळा.

वहिनीला नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, त्या माझ्याही आई होत्या. मी हात लावलेला नाही." त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

३ एप्रिल

डबी माझ्या टेबलाच्या खणात. वर कुलूप, किल्ली गळ्यात. कुलूप बाबांनीच बसवलेलं, चांगलं पक्कं आहे.

१७ एप्रिल

डाग वाढलाय! कुलपावर साधा ओरखडाही नाही.

डबी घेऊन तडक त्या बाईंकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. "हे शिळेपण नव्हे. चहात लोखंड गेलं की असं काळं पडतं. चमचा घालता का?"

छे! आईचा नियमच होता — डबीत बोट नाही, चमचा नाही, लाकडी काडीने काढायचं. बाबांना तर ती डबीला शिवूही द्यायची नाही. स्वतः काडीने काढून त्यांच्या हातांना चोळायची. दिवसभर किल्ल्या घासून त्यांच्या बोटांत लोखंडाचा कीस भरलेला असायचा.

घरी येताना वाटेतच पाय थांबले. किल्ली नसताना कुलूप उघडणारा आमच्या घरात एकच माणूस आहे.

१८ एप्रिल

वहिनीची माफी मागितली. ती हुंदका देऊन रडली, मीही.

बाबांना काही विचारलं नाही. डबी खणात परत ठेवली. शेजारी आईची काडी. कुलूप लावलं नाही.

१९ एप्रिल

सकाळी बाबा डबी घेऊन माझ्या खोलीत आले. हात साबणाने धुतलेले, नखं तेवढी काळी. काडी माझ्या हातात दिली आणि दोन्ही तळवे पुढे केले.