हत्तीचा खण

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतोस ना? पत्र सूनबाई वाचून दाखवेल, म्हणून अक्षर नीट काढतेय.

तू सांगितल्याप्रमाणे तुझी रोमन चांदीची नाणी संग्रहालयासाठी बांधायला घेतली. पेटीच्या प्रत्येक खणात नाण्याची प्राण्याची बाजू वर, राजाची खाली. राजे काय, सगळे नाकानेच मोठे, असं तू म्हणायचास. सिंह, सांबर, गुबगुबीत पाणघोडा. नखाएवढ्या चांदीत त्या कारागिराने रानडुकराच्या पाठीवरचे केससुद्धा उभे केलेत. आणि तू डोळे मिटून, नुसत्या बोटाने ओळखायचास कोण ते. तुझ्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही, दादा. तोंडावर कधी बोलले नाही, एवढंच.

काल संग्रहालयातल्या बाई यादी तपासायला आल्या. हत्तीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "हे कुणीतरी घासलंय. फार वाईट झालं."

मी चहा करायला आत गेले.

आता सांगते. सूनबाई, वाचताना हसू नकोस. मी नऊ वर्षांची होते आणि तू परगावी गेला होतास. तुला खूश करायचं म्हणून मी तो हत्ती दंतमंजनाने घासला. दोन हजार वर्षांची काळी झाक अर्ध्या तासात उतरवली, सोंडेच्या वळ्याही गेल्या. तू आलास, पाहिलंस, हत्ती परत खणात ठेवलास. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचास, मिळालं तेव्हाच असं होतं. मला वाटलं, सुटले. ज्याला बोटाने डुक्कर कळतं त्याला हे कळलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले. माझ्या अकलेची कमालच म्हणायची.

बाई गेल्यावर हत्ती जागेवर ठेवताना खणात अंथरलेलं बनातीचं कापड सरकलं. इतर चिठ्ठ्या नाण्याखालीच असतात, सन आणि वजन लिहिलेल्या. ही बनातीखाली दुमडून ठेवलेली होती. तुझंच अक्षर: "धाकटीने माझ्यासाठी चमकवला. तिला कळू देऊ नये."

मी तिथेच फरशीवर बसून रडले.

पेटी न्यायला बाई पुढच्या आठवड्यात येतील. यादीत तेवीस नाणी आहेत, मी बावीस बांधलीत. तुझी माफी मागते आणि हत्तीही मागते. नाही म्हणायचं असेल तर फोन कर. नाही आला तर हत्ती माझा.

सोंड अजून लागते बोटाला. मी डोळे मिटून पाहिलं.

तुझी,
हत्ती घासणारी धाकटी