चतुरामागचा अंधार

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (अगदी खरोखरचा, हे पत्र रोपवाटिकेत कुंड्यांच्या दोन रांगांमध्ये पालथा पडून लिहितो आहे, उठलो तर समोरच्या पानावरची अळी बिथरेल).

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? भूक लागते ना? आरशात नीट दिसता ना? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचंही उत्तर द्या. नऊ दिवस तुमचा फोन नुसता वाजत राहतो, शेजारीण म्हणते दाराला कुलूप आहे, म्हणून पत्र. इकडे सगळं क्षेम. आई अजून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

मी कॉलेज सोडलं (सरांनी 'तुझं लक्ष असतं कुठे?' असं विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, भांडण तिथून वाढलं) तेव्हा सगळ्या घरादारानं माझ्या नावानं बोटं मोडली. तुम्ही एकट्यानं तुमचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात. त्याच्या जोरावर इथे लागलो. काम एकच, फुलांचे आणि फुलांवर येणाऱ्या किड्यांचे अगदी जवळून फोटो काढायचे. मालकांचा हट्टही एकच, मागे काहीही दिसता कामा नये. कोपऱ्यात बादली दिसली की त्यांना फूल दिसतच नाही.

आता भर दुपारी मागचं काळं कसं करायचं ते तुम्हीच शिकवलंत. भिंगाचं तोंड बारीक करायचं, फ्लॅश फुलाच्या कानाशी धरायचा, म्हणजे उजेड फुलापुरता पुरतो आणि मागचं जग उपाशी राहतं. हातभर मागे काळ्या मखमलीचा तुकडा धरायचा. तरी काही डोकावलंच, तर संगणकावर ब्रशनं थरावर थर देत गडद करायचं. मूळ फोटो वेगळा ठेव, हेही तुम्ही सांगितलं होतंत. मी त्याच्यावरच सेव्ह करतो. डोकं तापलेल्या माणसाला मागे वळून बघायला आवडत नाही, हा माझा स्वभावच आहे.

तर सोमवारी जास्वंदीमागची पिवळी बादली काळी केली. मंगळवारी बादली गायब. मंगळवारी पाण्याचा पाइप काळा केला. बुधवारी माळीकाका मोकळा नळ धरून सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार करत होते. मला हसू आलं. मग एक दिवस टेम्पोवाल्याचा पांढरा शर्ट फोटोत आला.

इथे कलमवालीबद्दल लिहिणं भाग आहे. ती कलमं बांधते, बोटांना कायम माती, आणि माझे फोटो बघून एकदा म्हणाली, "सगळंच काळं केलंस की रे! त्या बिचाऱ्या फुलाला उभं राहायला तरी जागा ठेव." मी तीन दिवस या वाक्यात माझ्यासाठी काही आहे का ते शोधत होतो. (माळीकाकांच्या मते ती फुलाबद्दल बोलत होती.) हा टेम्पोवाला खताच्या पोत्यावर बसून तिला रोज हसवतो. मी ब्रश मोठा घेतला. गरजेपेक्षा बराच मोठा. दुसऱ्या दिवशी टेम्पो फाटकात उभा होता, दार उघडं, रेडिओ चालू, आत कोणी नाही. मामा, तेव्हा मला बादली आणि पाइप आठवले.

त्यानंतरच्याच फोटोत एक कोपर आलं. तिचं. मी ब्रश उचलला आणि खाली ठेवला. मालकांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "कोपर." "कोणाचं?" "फुलाचं." ते म्हणाले, हे पुसलं नाहीस तर उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, हवं तर फूल काळं करतो, कोपराला हात लावणार नाही. मागे कोणीतरी हसलं. ती होती, अख्खी, कोपरासकट. मग ती शेजारी बसून एकेक फोटो बघू लागली (माझा जन्म इथवर सार्थकी लागला होता) आणि नळावर पंख पसरून बसलेल्या चतुराच्या फोटोपाशी थांबून सहज म्हणाली, "ह्याच्यामागे कोण होतं रे?"

मामा, त्या दिवशी तुम्ही आला होतात. नळामागे उभे होतात, गुळगुळीत दाढी करून, पांढऱ्या सदऱ्यात, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर. "हलू का रे?" तुम्ही विचारलंत. "हलू नका, चतुर उडेल," असं मी खेकसलो. फोटो काढला, तसाच आत पळालो आणि मागचं काळं केलं. बाहेर आलो तर तुम्ही नव्हतात. वाटलं, रागावून गेलात.

उत्तराची फार वाट पाहतो आहे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि कोणी काळं झालं असेल त्याची क्षमा.

आपला,
भाचा

ता. क. वरचं सगळं विसरा. बादली टाकीमागे सापडली, पाइप तिच्यातच गुंडाळलेला होता. टेम्पोवाला बहिणीकडे पळाला होता, पेढे घेऊन परत आला. (भाची झाली. पेढे कलमवालीला दोन, मला एक.) ती म्हणते, पत्र फाडून टाक.

ता. क. फाडत होतो, पण त्याआधी फोटो उजळून पाहिले. अंधार थरांचा असतो, थोडा थोडा निघतो. इतर फोटोंत खाली नुसती राख निघाली. चतुराच्या फोटोत तुम्ही निघालात. तिथेच, तसेच, हात गुडघ्यावर. फक्त दाढी वाढली आहे. नऊ दिवसांची असावी. तिनेही पाहिली. आता ती हसत नाही.

ता. क. म्हणून या पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. एक तुमच्या घरच्या पत्त्यावर, दुसरी नळापाशी दगडाखाली. ज्या हातात पडेल त्या हातानं एवढंच कळवा की गुडघा कसा आहे. आणि मामा, चतुर केव्हाच उडाला. आता हललात तरी चालेल.