तळ्याभोवती लुसीच्या मागे

अल हैल, मस्कत
ऑक्टोबर २००३

आदरणीय पास्कूदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा जय ख्रिस्त. लुसी इथे खुशाल आहे, मी उभा आहे. (खुशाल आहोत असंच लिहिणार होतो, पण फ्रान्सहून आल्यापासून मला बसता येत नाही. हे पत्रही इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून लिहितो आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींची साखर उतरली का? जाता जाता पावसाने केळी आडवी केली असं ऐकलं, ते खोटं असो.

लुसीने तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल की आम्ही फ्रान्सला जाऊन आलो, तळ्याभोवती सायकली चालवल्या आणि सगळं फार छान झालं. परदेशाहून केलेल्या फोनवर सगळं छानच असतं, रडगाणं गायला वेळ पुरत नाही. म्हणून खरी हकीकत पत्रातून कळवतो. वहिनींना वाचून दाखवा, पण माझ्या पडण्याचे भाग गाळून.

सुरुवात आमच्या साहेबांपासून झाली. आमच्या पंपांच्या कंपनीत मस्यू रुसेल म्हणून फ्रेंच साहेब आहेत. माणूस भला, पण बोलायला फटकळ. एका मीटिंगमध्ये ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कॉनराड, तुझा चेहरा बघितला की मला झोप येते." मी सॉरी म्हणालो. (वीस वर्षं आखातात काढली की सॉरी आपोआप येतं.) मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या मावशीचं घर फ्रान्सच्या एका खेड्यात तळ्याकाठी रिकामं पडून आहे, आठवडाभर जाऊन राहा. त्या तळ्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच. तळ्याला वळसा घालून पूर्वी रेल्वेचा एक फाटा जायचा. रूळ उखडून तिथे सायकलींचा रस्ता केलाय. मोटार नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. आता मी रोज अल हैलहून रुवीच्या ऑफिसला गाडी हाकत जातो आणि तशीच परत आणतो. प्रत्येक राउंडअबाउटला मागून कोणीतरी लाइट मारत असतो. त्यामुळे 'हॉर्न नाही' एवढंच मला ऐकू आलं आणि मी हो म्हणून बसलो. 'सायकल' हा शब्द घरी लुसीने ऐकला.

लुसी लगेच तयार झाली याचं मला नवल वाटलं नाही. आमचा सनी कॅनडाला गेला, अ‍ॅश्ली नर्सिंगला बंगलोरला गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. भांडण नाही, काही नाही. दूध संपलंय, एसी गळतोय, एवढंच बोलणं. टीव्ही मात्र दिवसभर चालू असतो. कोणी तो बघत नाही, पण घरात माणसं बोलतायत असं वाटतं. बायको मला कंटाळली असावी असा संशय मला बरेच दिवस होता; पण विचारणार कसं? मध्येच टीव्हीवर बातम्या लागायच्या.

तर, सायकल. लुसी शाळेत तुमची सायकल दांड्याखालून पाय घालून चालवायची म्हणे, ती पहिल्याच दिवशी सुरू झाली. मी तीस वर्षांत सायकलवर बसलो नव्हतो. खालच्या मजल्यावर मुजम्मिल म्हणून रत्नागिरीचे गृहस्थ राहतात, त्यांचं किराणा दुकान आहे. ते समुद्राकडच्या रस्त्यावर माझं सीट धरून मागे धावायचे. "कॉनराडभाई, चाकाकडे कशाला बघताव? समोर बघा, समोर!" मी समोर बघितलं तर समोर बकऱ्या. मी बकऱ्यांत गेलो. याहून मोठी अडचण म्हणजे इथली माणसं भारी दयाळू. चांगले कपडे घातलेला, पोक्त वयाचा माणूस सायकलवर दिसला की त्याची गाडी बिघडली असणार, हे इथे ठरलेलं. दर थोड्या अंतराला कोणीतरी काच खाली करून विचारायचं, "सय्यारा खराब?" एका म्हाताऱ्याने तर माझं काही न ऐकता "यल्ला, यल्ला" करत मला पिकअपमध्ये बसवलं, सायकल मागे टाकली आणि दोघांना थेट टायरच्या दुकानात नेऊन उतरवलं. त्या दुकानदाराने सायकलची दोन्ही चाकं बदलली. जुनी चांगली होती.

अशी तयारी करून आम्ही फ्रान्सला पोचलो. सायकली भाड्याने देणाऱ्या बाईने माझे पाय नजरेने मोजले, माझ्याकडे दयेने बघितलं आणि सीट खाली केलं. सकाळची वेळ होती. दादा, ते तळं काही विचारू नका. पाणी हलत नव्हतं, झाडं हलत नव्हती, रस्ता असा गुळगुळीत की त्यावर पेज वाढावी. आणि माणूस नाही! एवढी शांतता मला सोसेना. थोडा वेळ मी उगाचच घंटी वाजवत राहिलो. लुसी पुढून म्हणाली, "कोणासाठी वाजवतोयस?" मी बंद केलं. मग माझा श्वासच एवढ्या मोठ्याने ऐकू यायला लागला की कोणीतरी मागे लागलंय असं वाटून मी दोनदा वळून बघितलं. (दुसऱ्यांदा बघताना पडलो. हा भाग गाळा.)

लुसी पुढे, मी मागे. अंतर वाढत गेलं. एका वळणावर ती दिसेनाशी झाली तेव्हा मी विचार केला, गवतात जरा टेकावं. बूट काढले, आडवा झालो. पुढचं आठवत नाही, कारण झोपलो. (हे लुसीला ठाऊक नाही. सायकलची चेन निसटली होती असं तिला सांगितलंय. तुमच्यापाशी राहू द्या.)

जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि लुसीचा पत्ता नव्हता. मी घाबरून सायकल हाणली. पुढे एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याला विचारायला मला फ्रेंच येत नव्हतं, म्हणून मी नुसतं "मादाम?" म्हणालो. त्याने पुढे हात केला. मी पुढे गेलो. सायकलवाल्या बाईच्या दुकानापाशी पोचलो, म्हणजे एक फेरी पुरी झाली. "मादाम?" तिनेही पुढेच हात केला. मी पुन्हा पुढे. पुन्हा तो म्हातारा आला. मी तोंड उघडायच्या आतच त्याने पुढे हात केला, आणि या खेपेला तो हसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला शोधत पुढे पळतोय, ती मला शोधत पुढे पळतेय, आणि तळं गोल आहे. मी असाच कष्टाळू राहिलो असतो तर आम्ही आज तारखेलाही तिथे फिरत असतो. पण मी थकलो होतो. सायकल टाकली आणि म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने मला पाव आणि चीज दिलं.

लुसी मागून आली. चेहरा लालेलाल, केस सुटलेले, डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, "लुसी, चेन निसटली होती." तिने सायकल झाडाला लावली आणि शेजारी येऊन बसली. दादा, ऑफिसात मला लोक शोधतात, पण ते फाइल सापडत नसली म्हणून. माझ्यासाठी कोणी तळ्याला फेऱ्या घालील, डोळ्यांत पाणी येईपर्यंत घालील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मी समजत होतो, बायको कंटाळली!

मग ती म्हणाली, "कॉनू, आपण घरी जाऊ या."

"चल, जवळच आहे."

"मावशीच्या घरी नाही रे. वसईला. कायमचं."

"आणि नोकरी?"

"झाली की आता नोकरी."

मी म्हणालो, बघू. (वीस वर्षं मी बघूच म्हणतोय.) पण या वेळी तिचे लाल डोळे मनातून जाईनात. इथे परत आल्यावर पहिल्याच शनिवारी रुसेलसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि राजीनामा दिला. त्यांनी वाचला, वर बघितलं आणि म्हणाले, "कॉनराड, आज तुझ्याकडे बघून झोप येत नाही." मी सॉरी म्हणालो.

तर दादा, शांत रस्ता म्हणून कोणी तळ्याभोवती सायकल चालवायला सांगितलं तर जाऊ नका. माणूस भलतेच निर्णय घेतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. देवबाप तुमच्या गुडघ्यांना बळ देवो.

आपला थकलेला मेहुणा,
कॉनराड

ता. क. : लिहायला जरा संकोच वाटतो. तुमच्या गॅव्हिनच्या लग्नाच्या डेकोरेशनच्या धंद्यातलं सामान आमच्या वसईच्या घरात ठेवलंय, असं शेजारच्या जेनेटमावशी म्हणाल्या. छानच केलंत, बंद घराला हवा लागते. पण आम्ही मार्चमध्ये येऊ. तोवर थर्माकोलच्या घंटा राहिल्या तरी चालतील, फक्त झोपायच्या खोलीतून नवरा-नवरीची सिंहासनं हलवता आली तर बघा. घाई नाही.

ता. क. २ : दादा, मी लुसी. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलंय, मी वाचणार नाही असं त्याला वाटतं. घाई आहे. त्याच्या भिडेकडे बघू नकोस, सिंहासनं आणि घंटा नाताळच्या आधी निघाल्या पाहिजेत. दुसरं म्हणजे, मी त्याला शोधत वगैरे नव्हते. पहिली फेरी संपवून आले तर हा गवतात तोंड उघडं टाकून झोपलेला. इतक्या वर्षांत त्याला असं झोपलेलं बघितलं नव्हतं, म्हणून उठवलं नाही. म्हटलं, एक फेरी एकटीने मारावी. ती इतकी छान झाली की आणखी एक मारली. उतारावर पाय उचलून घेतले, मोठ्याने गाणं म्हटलं, वाऱ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण हे त्याला बोलू नकोस. मी रडत शोधत होते असंच त्याला वाटू दे. तेवढ्यावर त्याने नोकरी सोडलीय.