सहावी मादी

११ फेब्रुवारी

वेंडलला शब्द दिला आहे, कुणाशी बोलणार नाही. पोटात ठेवणंही जमत नाही. म्हणून लिहिते आहे.

आज नाव काठाला लावायची जागा त्याने चुकवली. एकेचाळीस वर्षं याच नदीवर लोकांना मासेमारीला नेणारा माणूस! मी ओरडले. त्याने वल्ही थांबवून माझ्याकडे पाहिलं — ही बाई कोण, असं. क्षणभरच. मग म्हणाला, "तुमचं लक्ष आहे का बघत होतो, मास्तरीणबाई!"

कमरेएवढ्या गार पाण्यातून दोघांनी नाव दोराने मागे ओढली. ट्रकमध्ये बसल्यावर किल्ली न लावताच तो म्हणाला, "डार्लाला कळलं तर माझी नदी संपली." डार्ला त्याची मुलगी. काळजी करते, बरोबरच करते.

शब्द दिला. मी शब्द मोडत नाही.

१४ फेब्रुवारी

चौथा मासा घालवला.

साठ वर्षं ट्राउट धरले. ओढ जाणवली की झटका — वडिलांनी शिकवलेलं, हातात मुरलेलं. स्टीलहेडही ट्राउटच, पण समुद्रात जाऊन हातभर होऊन परतलेला. याला झटका दिला की गळ तोंडातून बाहेर! तो वळून दोर घेऊन जाईपर्यंत काही म्हणजे काही करायचं नाही.

"वर्गात पोरांनी तोंड उघडलं की गप्प बसवत असणार तुम्ही," वेंडल म्हणाला. "याला तरी वाक्य पूर्ण करू द्या!"

छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. बसवत होतेच गप्प.

२० फेब्रुवारी

नदी गढूळ. घरीच. वेंडलचा तीनदा फोन — आज जायचं ना?

२ मार्च

हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचा लोवेल येऊन गेला. नदीत मूळच्या जंगली माद्या उरल्यात किती, कुणालाच माहीत नाही. आम्ही गळाने धरून जिवंत द्यायच्या, ते अंडी काढून पिल्लं वाढवणार आणि नदीत सोडणार. बावीस वर्षं हे काम वेंडल सांभाळतो. यंदा पाच माद्या झाल्या, सहा हव्यात. पाचच आयांची पिल्लं फार एकसारखी निघतात. "पंधरा तारखेपर्यंत सहावी नाही आली तर यंदा काही नाही," लोवेल म्हणाला.

वेंडल हसला. "बाई धरतील. फक्त बाईंचे हात बांधून ठेवायला हवेत."

९ मार्च

मिळाली!

आल्डरच्या झाडांखालचा डोह. ओढ आली. मी दात आवळून उभी. पुन्हा ओढ. उभीच. मग रीळ किंचाळायला लागलं आणि वेंडल त्याहून जोरात. पंचवीस मिनिटं. एकोणतीस इंच, पाठीवरचा छोटा पर शाबूत — हॅचरीवाले आपल्या पिल्लांचा तो खुणेसाठी कापतात — म्हणजे ही जंगली. पोट अंड्यांनी भरलेलं. मासा पाण्यात जिवंत ठेवायच्या भोकांच्या जाड नळीत तिला अलगद सरकवली, तोंड प्रवाहाकडे, आणि नळी काठाशी मुळाला बांधली. दरीत फोन लागत नाही. वेंडलने मला घरी सोडलं, लोवेलला तो कळवणार होता.

संध्याकाळी सहाला वेंडलला फोन करून विचारलं. "अहो, कधीच घेऊन गेला! तुम्हाला शाबासकी दिलीय."

किती वर्षांनी शाबासकी!

१० मार्च

सकाळी हॅचरीत फोन केला. वजन किती भरलं, एवढंच विचारायचं होतं.

लोवेल म्हणाला, "कुठली मादी?"

मी पायातल्या सपातांनिशी गाडी काढली. पाऊस थांबल्याने रात्रीत पाणी वीतभर उतरलं होतं. नळी खडीवर. तोंडाकडची बाजू कोरडी.

काल मी स्वतः हॅचरीला फोन करू शकले असते. मनात आलंही होतं. पण तो म्हणजे वेंडलवर पहारा ठेवणं झालं असतं — म्हणून नाही केला. महिनाभर मला माहीत आहे त्याचं. मादी त्याच्या विसरण्याने मेली नाही. माझ्या भिडेने मेली.

११ मार्च

हॅचरीत तिघं उभे. टेबलावर ती.

"कळवायचं काम कुणाचं होतं?" लोवेलने विचारलं.

वेंडल माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत भीती नव्हती, लाज नव्हती. त्याला ठाऊकच नव्हतं.

"माझं," मी म्हटलं.

लोवेलने माझा मासे धरायचा परवाना मागितला. दिला. नाइलाज आहे, म्हणाला. तेवढ्यात वेंडलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नवीन आहेत त्या. एवढं मनावर घेऊ नका. शिकतील."

गाडीपर्यंत सरळ चालत गेले. मग बसून राहिले.

१२ मार्च

सकाळी वेंडलचा ट्रक नदीकडे गेला. मागे नाव. शेजारची जागा रिकामी — माझी. चारपर्यंत खिडकीशी उभी होते. परत आला, पण वरच्या वाटेने, म्हणजे भलत्याच गावाकडून.

माझा परवाना गेला, म्हणून त्याच्या सोबतीला कुणी नाही; हे मीच करून ठेवलं. खोटं बोलून त्याला वाचवलं असं वाटलं होतं.

१३ मार्च

वेंडल न्हाव्याकडे गेला असताना डार्लाला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ती रडली नाही. "किती दिवस माहीत होतं तुम्हाला?" एवढंच विचारलं. महिना, म्हटलं.

तिच्या ताब्यात दिलं: दारातल्या नावेतून काढलेली वल्ही दोन. ट्रकची जादा किल्ली, जी विश्वासाने त्याने माझ्याकडे ठेवली होती. नावेच्या तळाचं बूच, ज्यावाचून ती तरंगत नाही.