रक्ताचं कॉस्टिंग

३ फेब्रुवारी १९९३
मिल बंद पडली, पण कॉस्टिंग क्लार्कचं डोकं बंद पडत नाही. नंदिनीचं गर्भाशयाचं ऑपरेशन एकोणीसला. डॉक्टर म्हणाले, दोन बाटल्या रक्ताची सोय करा. दुसरा घाबरला असता. मी तक्ता आखला.

५ फेब्रुवारी
ब्लड बँकेत चौकशी. बदल्यात रक्तदाता आणला तर फक्त तपासणीचा खर्च, नाहीतर भाव चढा. दाता कुठल्याही ग्रुपचा चालतो. नंदिनी म्हणाली, मग तुम्हीच द्या की. मी समजावलं, घरात धावपळ करणारा माणूस ठणठणीत पाहिजे. ती कणीक मळायला उठली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी
नातेवाइकांचं रक्त वरवर फुकट, खरं तर सगळ्यात महाग. जवळच महूला दौलतदादा आहे, माझा सख्खा मोठा भाऊ. दोन्ही मुलं पहिलवान. पण मिल बंद पडणार, दुसरं काही बघ, असं तो चार वर्षांपूर्वी म्हणाला, तेव्हापासून बोलणं बंद. आता मिल खरंच बंद पडली, म्हणजे बोलणं शक्यच नाही. दादा बाद.

११ फेब्रुवारी
हॉस्पिटलबाहेर रक्त विकणारे भेटतात म्हणे. कडक घासाघीस करायची ठरवून गेलो. चहाच्या गुमटीवर एकजण पाठमोराच म्हणाला, बोलो भिया, कौन सा ग्रुप? वळला तर आमच्या लूमखात्यातला बाळकृष्ण. चेहरा पिवळा. गेल्याच आठवड्यात एक बाटली दिलेली. म्हणाला, बाबूजी, तुमच्याकडून कमी घेईन. मी दोघांसाठी पोहे सांगितले. घासाघीस राहिली. येताना लांबच्या रस्त्याने आलो. व्यायाम.

१५ फेब्रुवारी
सखोल अभ्यासाअंती निष्कर्ष: निदान पहिल्या बाटलीला स्वतःचं रक्त सर्वात स्वस्त. नंदिनी म्हणाली, हे मी पाच तारखेलाच सांगितलं होतं. तिने तक्ता कुठे केला होता?

१६ फेब्रुवारी
रक्त द्यायला ब्लड बँकेत गेलो. बोटातून थेंब घेताना मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. हिमोग्लोबिन नऊ. नापास. दुपारी काय जेवता, असं तपासणाऱ्या बाईंनी विचारलं. चहा, म्हणालो. नंदिनी शाळेत शिकवायला जाते, एकट्यासाठी काय स्वयंपाक करायचा? दुसऱ्या कोणाला आणा, म्हणाल्या. नंदिनीला सांगितलं, बोलणी चालू आहेत.

१९ फेब्रुवारी
सकाळी ब्लड बँकेत शेवटची विनवणी करायला गेलो. दोन खाटांवर दादाची दोन्ही मुलं, हाताला नळ्या. शेजारी दादा. जयभीम म्हणाला. मिलचा विषय काढला नाही. चार वर्षं तयार ठेवलेली उत्तरं वाया गेली.
नंदिनीने चार तारखेलाच पीसीओवरून महूला फोन केला होता. मला का नाही सांगितलं, विचारलं. स्ट्रेचरवरून म्हणाली, तुम्हाला काहीतरी काम पाहिजे होतं ना. मग तिला आत नेलं. दादा आणि मी एका बाकावर बसलो. तक्ता खिशातच होता. दादाने आपली शाल माझ्यावर टाकली. थंडी नव्हती.

२३ फेब्रुवारी
ऑपरेशन नीट झालं. एकच बाटली लागली. नंदिनीचं हिमोग्लोबिन दहा, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त. माझा नऊचा आकडा सांगावाच लागला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दोघांना लिहून दिल्या. दादाने डब्यात बकऱ्याच्या पायांचं सूप पाठवलं, पेशंटसाठी. नंदिनीने अर्धं घेतलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, आता दुसऱ्या पेशंटने घ्यावं. मीठ कमी होतं. तरी वाटी रिकामी केली.