भेटीची वेळ चार ते सहा

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवरचा निवृत्त कारकून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते रागाच्या भरात लिहिले होते.

१. राहते दोन खोल्यांचे घर मुलीला. बँकेतली ठेव मुलाला; त्याने वाईट वाटून घेऊ नये. मेहुण्याने माझी शिडी नेली त्याला अकरा वर्षे झाली. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, पण 'दिली' म्हणू नये, 'नेली' असेच म्हणावे.

२. पाने, पक्कड आणि तेलाची बुधली असलेली पेटी रुग्णालयातल्या स्वयंसेवकांना. तिथल्या चाकाच्या खुर्च्या फार कुरकुरतात.

३. निवृत्तीनंतर नऊ वर्षे मी तिथे बिनपगारी खुर्च्या ढकलत आलो आहे. मुलगी विचारायची, "बाबा, जन्मभर तिथंच होतात, अजून जीव भरला नाही का?" तिला उत्तर दिले नव्हते. ते इथे देतो.

नोकरीत असताना एका दुपारी एक शिंपी खिडकीशी आला. बायको वरच्या मजल्यावर, नुकतीच दुसरी शस्त्रक्रिया झालेली. "पाच मिनिटं सोडा साहेब, तिनं निरोप धाडलाय." मी पाटीकडे बोट दाखवले. "चारला या." वाद न घालता तो समोरच्या बाकावर बसला. त्याची बायको साडेतीनला गेली. चारच्या ठोक्याला तो उठून आला. "वाजले बरं का चार." मला वरून कळले होते. मी पास फाडून त्याच्या हातात दिला.

निवृत्त झालो आणि घरात रोज दुपारी तो पास फाडल्याचा आवाज येऊ लागला. म्हणून परत गेलो. खुर्च्या ढकलणाऱ्यांत तोच शिंपी होता. त्याने मला ओळखले नाही असे वाटले. कामही त्यानेच शिकवले. "लिफ्टमध्ये खुर्ची उलटी घ्या. पेशंटला भिंत नको, दार दिसू दे."

"तुम्ही का येता?" मी एकदा विचारले.

"घरी मशीनचा आवाज एकट्याला ऐकवत नाही. इथं निदान कुणाला तरी वेळेत पोचवता येतं."

रोज सांगायचे ठरवायचो. आठ वर्षे गेली. मागच्या हिवाळ्यात तो स्वतःच खाटेवर पडला, तेव्हा कुठे तोंड उघडले. "त्या दुपारी खिडकीत..."

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही यायचं थांबला असतात."

दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याने मला माफ केले की कामाला जुंपून ठेवले, हे मला अजून कळत नाही. मी अजूनही जातो. लिफ्टमध्ये शिरताना पाठीमागे कोणीतरी चालत असते. मी वळून बघत नाही.

४. अंमलबजावणी मुलीने पाहावी. निधनाच्या बातमीत 'निवृत्त कारकून' एवढेच छापावे. कोणी भाषणाला उभे राहिले, तर त्यांना हे तिसरे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : २८ नोव्हेंबर

सही : (निवृत्त कारकून)

आमच्यादेखत सही केली :
१. शेजारच्या निवृत्त परिचारिका
२. रुग्णालयाचे लिफ्टमन