ओवाळलेलं ताट

५ जानेवारी १९३८, जुना जालना
आले एकदाची! धान्याचे व्यापारी काकासाहेब यांनी मला नर्स म्हणून ठेवलंय. त्यांची सतरा वर्षांची झुंबर जेवत नाही आणि दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहते. नुसता हाडांचा सापळा उरलाय. डॉक्टरांचा हुकूम असा: आधी अंथरुणात विश्रांती आणि पोटभर अन्न, वजन वाढेल तसतसं थोडं चालू द्यायचं. वजन करायचं दुकानातल्या काट्यावर, ज्वारीच्या पोत्यांशेजारी! मला हसूच आलं. तिची आई दुर्गाबाई माझं ताट आधी झुंबरवरून ओवाळतात, मगच मला देतात. म्हणाल्या, "आमच्या घरची रीतच हाय ती." असेल बापडी. मी भाकरी-ठेच्यावर आडवा हात मारला.

१४ जानेवारी
झुंबरने आज तिळगूळ मागून घेतला! वजन वाढलंय, म्हणून ओसरीपर्यंत चालवलं. फार आनंद झाला. माझा तिळगूळ मात्र हातातच राहिला. इथलं पाणी मानवलं नसावं.

२९ जानेवारी
झुंबर बसून निवांत गप्पा मारते. येरझारा मीच घालते आहे. बसलं की पाय ओढ घेतात. पोलकं ढगळ झालंय. स्वयंपाकाच्या चतुराबाईंना विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या. पीडा उतरावी म्हणून ओवाळलेलं ताट आधी कुत्र्याला घालत होते. "कुत्रं मेलं, पन पोरगी उठली न्हाई. मंग माणूस आनायचं ठरलं."


३० जानेवारी
सामान बांधलं. दाराला बाहेरून कडी. काकासाहेब दाराआडून म्हणाले, डॉक्टरांचा हुकूम आहे, रोग्याने बाहेर पडायचं नाही.
रोगी — मी?

१२ फेब्रुवारी
जेवायचं आहे मला. खरंच. घास उचलते आणि पाय उठतात. भिंत. वळायचं. भिंत —

२० फेब्रुवारी
डॉक्टर आले! सगळं सांगितलं. मी उषा, मी नर्स — पुन्हा पुन्हा. दुर्गाबाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, ही जाफराबादची भाची. ते मायेने म्हणाले, असे रोगी असंच बोलतात. चालणं बिलकुल बंद.
पाय पलंगाला बांधले.

दुपार
पाय हलत नाहीत. खोलीत दुसरं कुणी नाही. तरी पावलं वाजतायत. माझ्याच चालीची. भिंत — वळली — भिंत —
थांबली.
आता पलंगाकडे